मेलेले जनावर उघडून पाहा

प्रति,
महासंचालक,
फिनलंड अन्न प्राधिकरण, सेइनायोकी



मी महाराष्ट्रातला निवृत्त पशुवैद्य. तुमच्याकडे फरसाठी पाळतात तो मिंक किंवा निळा कोल्हा मी कधी हाताळलेला नाही. माझी सारी नोकरी कोंबड्यांची शवविच्छेदने करण्यात गेली. आमच्या पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी एक शब्द असतो, मरतूक. शेडमधल्या वहीत ते रोज सकाळी मेलेल्या पक्ष्यांचा आकडा लिहितात. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला मरतूक वाढली, तेव्हा आधी ती राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाचीच वाटली. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि देशातला पहिला एच5एन1 बर्ड फ्लू उघड झाला. पक्षी किती मेले ते दिसत होते, कशाने मेले ते कळायला वेळ लागला.

जुलै 2023 मध्ये हाच एच5एन1 तुमच्या फर फार्मांत शिरला. त्या उन्हाळ्यात काळ्या डोक्याचे कुरव पक्षी मोठ्या संख्येने मरत होते, आणि तुमच्याकडचे पिंजरे बाजूंनी उघड्या शेडमध्ये असल्याने पक्षी आत येऊ शकत होते. कोल्हे, मिंक, रॅकून डॉग सगळेच आजारी पडले. फुप्फुस, यकृत, मेंदू, सगळीकडे दाह सापडला. विषाणूत सस्तन प्राण्यांशी जुळवून घेणारे बदलही दिसले. लाखो जनावरे मारावी लागली. पुढच्या वर्षी धोक्यातल्या कामगारांना बर्ड फ्लूची लस देणारा फिनलंड पहिला देश ठरला. त्याबद्दल तुमच्या देशाचा मला मनापासून आदर आहे.

पण लस हा शेवटचा बांध झाला. त्याच्या आधी काय करायला हवे, ते स्पेनमध्ये दिसते. ऑक्टोबर 2022 मध्ये गॅलिसियातल्या कार्राल इथल्या फार्मवर सुमारे 52 हजार मिंक होते. तिथे आठवड्याची मरतूक एरवी पाव टक्क्याच्या आसपास असे. ती 0.77 टक्क्यांवर गेली. हजारात दोन-तीनऐवजी सात-आठ जनावरे मेली, एवढाच फरक! तरी नमुने तपासणीला गेले. आधी करोनाची शंका होती, ती फोल ठरली, आणि मग एच5एन1 सापडला. पुढे मरतूक आठवड्याला 4 टक्क्यांच्या वर गेली. तिथल्या 11 कामगारांच्या तपासण्या नकारार्थी आल्या, हे नशीब. नेहमीचा आकडा माहीत होता म्हणूनच वाढ डोळ्यांत भरली.

एक गोष्ट मला फार खुपते. बकरी, डुक्कर, गाय कत्तलखान्यात जाते तेव्हा निरीक्षक तिचे फुप्फुस, यकृत तपासून पाहतो. गावात कुणाच्या लक्षात न आलेला आजार तिथे पकडला जातो. फरसाठी पाळलेले जनावर मात्र फार्मवरच मारले जाते. त्याचे मांस माणसाच्या ताटात जाणार नसते, म्हणून ही तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही. कातडी निघते आणि धड न तपासताच बाजूला जाते. त्यामुळे आपणहून मेलेले जनावर हाच काय तो साक्षीदार उरतो, आणि त्याला उघडल्याशिवाय तो बोलत नाही. मिंकच्या पिल्लांची गत आणखी वाईट. मेलेले पिल्लू आई बरेचदा खाऊन टाकते, म्हणजे वहीतला आकडासुद्धा अपुरा.

फर फार्म असावेत की नसावेत? माझे मत नसावेत असेच आहे, आणि ते मी लपवत नाही. पण जोवर ते आहेत, तोवर एवढे करा. प्रत्येक फार्मची आठवड्याची मरतूक जात आणि वयानुसार नोंदवून घ्या आणि जाहीर करा. मे महिन्यात पिल्ले मरतात तेवढी सप्टेंबरमध्ये मरत नाहीत, म्हणून मरतुकीची मर्यादा हंगामाप्रमाणे ठरवा. ती ओलांडली की शवविच्छेदन सक्तीचे, आणि त्याचा खर्च सरकारचा. शेतकऱ्याच्या खिशातून पैसे जाणार असतील तर मेलेले जनावर मुकाट्याने विल्हेवाटीच्या पिंपात जाते. हे मी इथे स्वतः पाहिले आहे. आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कातडी काढताना प्रत्येक फार्मवरची थोडी धडे पशुवैद्याने उघडून पाहावीत. हजारो धडे एकाच वेळी समोर असतात, अशी संधी वर्षातून एकदाच येते.

मिंकची नवी पिल्ले एप्रिलच्या अखेरीस जन्मू लागतील. तोवर नोंदींचा तक्ता फार्मांवर पोहोचलेला असावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य