युंग शिकवा, १९३४ सह

केडगावातून नगरच्या महाविद्यालयांत जाणारे मानसशास्त्राचे विद्यार्थी कार्ल युंग यांची ‘सामूहिक अबोध’ (साऱ्या माणसांत समान असलेली नेणीव) ही कल्पना शिकतात. याच युंग यांनी १९३४ मध्ये, हिटलर सत्तेवर असताना, ‘आर्य’ अबोधाची क्षमता ज्यूंच्या अबोधाहून मोठी असल्याचे लिहिले. ज्यू डॉक्टरांना आपण अध्यक्ष असलेल्या मानसोपचार संघटनेत व्यक्तिगत सदस्यत्वाची वाट त्यांनी खुली ठेवली, हेही खरे. त्याने ते लिखाण पुसले जात नाही. ‘काळच तसा होता’ ही सबब आम्हाला मान्य नाही. त्याआधी काहीच वर्षे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीची असमानता आणि वंश यांचा संबंध आढळला नाही, तेव्हा मार्गदर्शकाचे मत बाजूला ठेवून त्यांनी तसेच नोंदवले. प्राध्यापकांनी युंग जरूर शिकवावेत. १९३४ चा लेखही त्याच तासाला वाचावा.