शिवारफेरी उंबरठ्याशी यावी

चातुर्मासात स्थानकातील प्रवचनाला जाणाऱ्या प्रत्येकाने सभामंडपाच्या कडेला मांडलेली खुर्च्यांची रांग पाहिलेली असते. ज्यांना गुडघेदुखीमुळे सतरंजीवर बसवत नाही, अशा ज्येष्ठांसाठी ती सोय असते आणि श्रवणापुरती ती पुरेशीही ठरते. परंतु जिथे केवळ ऐकून परतायचे नसते, नकाशा काढायचा असतो, मत मांडायचे असते, निर्णयात वाटा उचलायचा असतो, तिथे कडेची खुर्ची माणसाला प्रेक्षक करून टाकते. पाणी, माती आणि झाडे यांच्या नियोजनासाठी गावोगाव भरणाऱ्या कार्यशाळांत नेमके हेच घडते.

जालना जिल्ह्याला अशा नियोजनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. येथे वर्षाला सरासरी 650 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि अवर्षणात तो आणखी घटतो. अशा भूमीत जालना तालुक्यातील कडवंची गावाने 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम स्वीकारला. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे आणि विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन लाभले. बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. या यशाचा पाया लोकसहभाग हाच होता. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानानेही गावाच्या आराखड्यासाठी शिवारफेरीवर भर दिला.

शिवारफेरी म्हणजे बांधावरून, नाल्याच्या काठाने, चढउतारांतून सर्वांनी मिळून चालणे. पोलिओने पाय अधू झालेला तरुण, अपघातात पाय गमावलेला शेतकरी, अर्धांगवायूतून सावरणारी गृहिणी, संधिवाताने जखडलेले आजोबा हे सारे या फेरीतून आपोआप गळतात. फेरीनंतर चावडीसमोर रांगोळीने जमिनीवर नकाशा रेखाटला जातो. तेव्हा लोक भोवती कोंडाळे करतात आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसाला केवळ इतरांच्या पाठी दिसतात. वास्तविक 1972 च्या दुष्काळात कोणत्या विहिरीने गाव जगवले, जुना ओढा कुठून वाहत असे, हे त्या आजोबांनाच ठाऊक असते. त्यांच्या अनुपस्थितीत तयार होणारा आराखडा म्हणूनच अपुरा राहतो.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. कार्यशाळेची जागा तळमजल्यावर असावी. उंबऱ्याशी पंधरा सेंटिमीटरची एकच पायरी असेल, तर एकास बारा या प्रमाणाने 180 सेंटिमीटर लांबीचा उतार पुरतो. नकाशा जमिनीऐवजी मेजावर काढावा आणि मेजाखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा ठेवावी. मतासाठी खडे किंवा बिया ठेवण्याची पद्धत असेल, तर ताट प्रत्येकापाशी फिरवावे. ध्वनिक्षेपकही बोलणाऱ्याकडे न्यावा. अधूनमधून विश्रांती आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह यांची सोय आधीच पाहावी. शिवारफेरीतील काही थांबे रिक्षा पोहोचेल अशा रस्त्यालगत निवडावेत. ज्यांना तेथेही जाणे शक्य नाही, त्यांच्या घरी फेरीचा पहिला थांबा असावा आणि पुढचे शिवार त्यांना मोबाइलवरून थेट दाखवावे. सर्वांत आधी, कोणाला काय लागेल हे त्या व्यक्तीलाच विचारावे.

श्रमदानाचा अर्थही थोडा व्यापक करावा लागेल. कुदळ उचलणे हेच एक श्रमदान नव्हे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते. पावसाच्या रोजच्या नोंदी ठेवणे, पिकांची गरज मांडणे आणि वर्षाअखेर पाण्याचा ताळेबंद जुळवणे हे काम गावाला हवेच असते. मोंढ्यातील पेढीवर आयुष्यभर जमाखर्च लिहिलेल्या आणि आता जिना उतरू न शकणाऱ्या शेठजींइतके हे काम चोख कोण करील? पाण्याच्या खात्यात तूट दिसू लागली की ती त्यांच्याच नजरेस प्रथम येईल.

जैन समाजाचा दानधर्म या दोन्ही वाटांवर पूर्वीपासून चालत आला आहे. 1975 मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग साहाय्यता समितीने जयपूर फूट असंख्य गरजूंपर्यंत पोहोचवला. जलसंधारणाच्या कामी भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरवली. एका हाताने पाय दिला आणि दुसऱ्या हाताने पाणी अडवले. आता या दोन्ही कामांची सांगड घालण्याची वेळ आहे. 19 एप्रिल 2017 पासून लागू असलेला दिव्यांग हक्क कायदा समान सहभागाचा अधिकार मान्य करतो. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा, असा शासनाचा दंडक आहे. त्यातून एक उतार, एक उंच मेज आणि एका रिक्षाचे भाडे यांची तरतूद सुचवता येईल.

कुबडी किंवा चाकाची खुर्ची देणे हे पुण्यकर्म आहेच. मात्र त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे मत आराखड्यात उतरले, तरच ते दान पूर्ण होते. पुढच्या ग्रामसभेच्या किंवा मंडळाच्या कार्यशाळेच्या आधी संयोजकांनी एकच यादी करावी: गेल्या वेळी कोण येऊ शकले नव्हते? शिवारफेरीचा आरंभ त्या यादीतील पहिल्या घराच्या उंबरठ्यापासून व्हावा.