वॉरंटीचा कागद बियाण्याच्या पिशवीसारखा जपा

भाताची लावणी उरकली. आज पिकाचं नाही, घरातल्या लॅपटॉपचं लिहितो. पण शेवटी गोष्ट आपल्याच कामाची आहे.

थोरलीच्या कॉलेजसाठी मागच्या जूनमध्ये लॅपटॉप घेतला. एक वर्षाची वॉरंटी. चौथ्या महिन्यात चालूच होईना. सर्व्हिस सेंटर नाशिकला. त्र्यंबकहून एसटीनं जाऊन-येऊन दिवस मोडतो. मदरबोर्ड बदलला, १७ दिवस लागले. पुढं परत तेच, २२ दिवस. मग स्क्रीन गेली, १४ दिवस. या जुलैत चौथ्यांदा बंद पडला, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, वॉरंटी संपली."

अरे बाबा, वर्षातले ५३ दिवस मशीन तुमच्याच कपाटात होतं! ते दिवस कोणाच्या हिशोबात धरायचे? आणि दुरुस्ती फुकट म्हणता, तर माझे मोडलेले रोज आणि पोरीचा बुडालेला अभ्यास कोण भरून देणार?

माझं मत सरळ आहे. एकच दोष परत परत येत असेल तर ती दुरुस्ती नाही, वेळ काढणं आहे. वस्तू बदलून द्या नाहीतर पैसे परत द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आयोग असा आदेश देऊ शकतो.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या खेपेला मी जॉबशीट घेतलीच नाही, तोंडी भरवशावर घरी आलो. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला पावती, टॅग, पिशवी लागते हे आपल्याला पाठ आहे. तरी मशीनच्या बाबतीत आपण गाफील राहतो.

म्हणून मंडळी, एवढं करा:

१. प्रत्येक खेपेला जॉबशीट घ्या. त्यावर दोष काय, मशीन कधी दिलं, कधी परत मिळालं, कोणता पार्ट बदलला हे लिहून घ्या.
२. "व्होल्टेजमुळं गेलं, ओल लागली" म्हणून वॉरंटी नाकारली तर ते लेखी मागा. आपल्याकडं पाऊस आणि लाइटीचा लपंडाव आहेच, म्हणून स्टॅबिलायझर लावा. म्हणजे त्यांना बोट दाखवायला जागा उरत नाही.
३. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा.
४. तिथं निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

फवारणी पंप, पॉवर टिलर, मोटर, सगळ्याला हेच लागू धरा.

मी १९१५ला तक्रार केली आहे. निकाल काय लागेल तो लागो, इथं लिहीनच. तुमच्याकडं असं झालं असेल तर खाली सांगा, दुसऱ्याची एक फेरी तरी वाचेल.