लहरींवर पहारा असावा, शब्दांवर नसावा

१/ लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक चालविले. आजही तेथे कोणी साप्ताहिक काढून गावची बातमी छापू शकतो. तीच बातमी स्वतः मिळवून खासगी वा सामुदायिक रेडिओवर सांगण्यास मात्र मनाई आहे. हा भेद आला कोठून?

२/ १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे गेला. १९३३च्या कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणेही गुन्हा ठरले.

३/ २७ ऑगस्ट १९४२. मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. जागा बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

४/ स्वातंत्र्यानंतरही एकाधिकार टिकला. अखेर क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने सांगितले : लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन लोकहितासाठीच व्हावे.

५/ नियमन हवेच. एकाच परिसरात एकाच वारंवारतेवर दोन केंद्रे बोलू लागली, तर धड एकही ऐकू येत नाही. म्हणून वारंवारता आणि प्रक्षेपणाची शक्ती शासनाने ठरवावी. परंतु बातमी सांगितल्याने कोणाच्या लहरीत अडथळा येतो?

६/ २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. बातम्या मात्र आकाशवाणीच्याच.

७/ झळ कोणाला? झरी जामणी, मारेगावच्या कोलाम पोडांवर ज्याला वाचता येत नाही, त्याला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेजारच्या गावात काय घडले, हे कोलामीत त्याच दिवशी सांगणारा आवाज अशा वेळी चैन नसते, गरज असते.

८/ अफवा पसरतील, हा आक्षेप खोटा नाही. पण तो छापखान्यालाही लागू आहे. तेथे आपण छपाई बंद केली नाही. खोटे छापणाऱ्यास कायद्यापुढे उभे केले. रेडिओलाही तोच न्याय हवा.

९/ लहरी जनतेच्या आहेत आणि शासन त्यांचे विश्वस्त आहे. विश्वस्ताने वाट मोकळी व सुरक्षित ठेवावी. वाटसरूने काय बोलावे, हे ठरवू नये.