आग विझविणारा पहारेकरी कसा?

खानापूर तालुक्यातील तरुण पोटासाठी एकीकडे बेळगावच्या उद्यमबागेत जातो, दुसरीकडे चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत येतो. त्यांपैकी एखाद्याच्या वाट्याला कारखान्याच्या अग्निशमन पथकातील काम आले, तर त्याला कामगार म्हणावयाचे की पहारेकरी? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल; परंतु त्याच्या उत्तरावर त्या माणसाचा संघटनेचा हक्क अवलंबून आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचा बराच कीस पाडला गेला. तेथील १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यान्वये, मालकाच्या मालमत्तेसाठी इतरांवर नियमांचा अंमल बजावणाऱ्या रक्षकांना सर्वसाधारण कामगारांच्या गटात समाविष्ट करता येत नाही. संप झाल्यास फाटकावरच्या माणसाची निष्ठा दुभंगू नये, हा त्यामागील हेतू. मात्र बोइंग कंपनीच्या अग्निशामकांना ही अट लागू नाही, असा निर्णय तेथील श्रमसंबंध मंडळाने १९९९ मध्ये दिला. पहारेकरी माणसांवर नजर ठेवतो, अग्निशामक धोक्यावर. हा भेद आम्हास मूलगामी वाटतो.

आपल्याकडे तर पहारेकऱ्यासाठीही अशी वेगळी चूल मांडलेली नाही. नागपूर महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच अग्निशमन विभागाला 'उद्योग' मानले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराच्या व्याख्येतून सैन्य, पोलीस, तुरुंग आणि व्यवस्थापनातील माणसे वगळली. आग विझविणारा वगळला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तीच रेषा कायम ठेवली आहे. अपवाद केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. या दलाला अग्निशमन शाखा आहे आणि १९६८ च्या कायद्याने दलाच्या जवानांना औद्योगिक विवाद कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. तेथे गणवेशासोबत सरकारी नोकरीची शाश्वती तरी असते.

खाजगी कारखान्यात गणवेश येतो, शाश्वती येत नाही. अग्निशमनाचे काम सुरक्षा पुरविणाऱ्या ठेकेदाराकडे सोपविले की, बंबाची नळी धरणारा माणूस ठेकेदाराच्या कागदोपत्री 'गार्ड' होऊन बसतो. नव्या संहितेनुसार हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळविते. ज्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावरच नाही, त्याचा पाठिंबा मोजणार कोण? कायद्याने न नाकारलेला हक्क असा रजिस्टरातून नाहीसा होतो.

आग लागली असता अग्निशामकच संपावर असेल तर काय, अशी शंका काढली जाते. ती अनाठायी नाही. परंतु पूर्वसूचनेविना संप करण्यास संहितेने सर्वच कारखान्यांत मनाई केली आहे. याउपर आणीबाणीपुरते पथक संपकाळातही कामावर ठेवण्याचा करार मालक व संघटना यांना करता येईल. संपाच्या भीतीने माणसाचा आवाजच काढून घेणे हा त्यावरील उपाय नव्हे.

किंबहुना या माणसाला आवाज असणे हीच कारखान्याची सुरक्षा होय. नळाला दाब नाही, उपकरण रिकामे आहे, संकटकाळी बाहेर पडण्याच्या दारासमोर माल रचला आहे, हे सर्वांत आधी त्यालाच दिसते. ते बोलल्यास उद्या ठेका तुटेल ही धास्ती असेल, तर तो गप्प बसेल. आणि त्या मौनाची किंमत यंत्रावरचा कामगार भरील. बेळगावजवळच्या नावगे येथील कारखान्याच्या आगीत ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण कामगाराचा बळी गेला. आग कोठेही केव्हाही लागू शकते, याची ती भीषण आठवण आहे.

कर्नाटक व गोवा या दोन्ही राज्यांच्या कामगार खात्यांनी म्हणूनच एक गोष्ट निःसंदिग्धपणे जाहीर करावी: माणसाचा दर्जा त्याच्या गणवेशावरून नव्हे, कामावरून ठरेल. घाटावर आणि घाटाखाली संहिता एकच आहे. तिचा अर्थही एकच असावा. जो इतरांसाठी आगीत शिरतो, त्याला कामगारांच्या पंक्तीत पाट मिळालाच पाहिजे.