जन्माआधीची शिबंदी

दिघ्यातील एखाद्या घरी नवजात बाळ येते, तेव्हा त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर बहुधा तीन नोंदी आधीच झालेल्या असतात : बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि ‘ब’ कावीळ. यांपैकी पहिल्या दोन लसींत जिवंत, परंतु दुर्बल केलेले जंतू असतात. एवढ्याशा जिवाला ते सोसतात, याचे श्रेय मुख्यतः छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर वसलेल्या थायमस ग्रंथीला आहे.

गर्भाच्या यकृतातून व पुढे अस्थिमज्जेतून मूळ पेशी या ग्रंथीत येतात आणि तेथे ‘टी’ पेशी म्हणून घडतात. पारख मोठी कठोर असते. काहीच न ओळखणारी पेशी बाद होते. स्वतःच्याच शरीरावर उलटणारीही बहुधा तेथेच नष्ट होते. शंभरांतील जेमतेम चार-पाच उत्तीर्ण होतात. गर्भारपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अशा पेशी बाळाच्या रक्तात उतरू लागतात. मातेच्या ज्या पेशी गर्भात येतात, त्यांच्याशी सलोखा राखण्याकडे या पहिल्या पेशींचा कल असतो. जन्मानंतर बाहेरचे जंतू भेटतात आणि बालपणभर नव्या पेशींचा पुरवठा जोमाने चालतो. तारुण्यात ही ग्रंथी आक्रसत जाते. म्हणूनच मराठी परिभाषेत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात.

तिचे महत्त्व १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी दाखविले. नवजात उंदरांची ग्रंथी काढताच ती संसर्गाला बळी पडू लागली. प्रौढ उंदरांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. त्यांची शिबंदी आधीच उभी राहिली होती.

क्वचित एखाद्या बाळात जन्मजात दोषामुळे या पेशी तयारच होत नाहीत. ‘सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी’ हा असाच विकार. मातेकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे आरंभी बाळ निरोगी भासते; परंतु बीसीजीचे जंतूही त्याच्या शरीरात पसरू शकतात. म्हणून कुटुंबात पूर्वी एखादे तान्हे मूल वारंवारच्या संसर्गाने दगावले असेल, तर ते लस देण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. या विकाराच्या एका प्रकारात दोष मातेकडून मुलग्याकडे येतो. तेव्हा आजोळचीही विचारपूस करावी. इतर बाळांच्या लसी मात्र वेळेवरच व्हाव्यात.

शंका असल्यास रक्तातील लिम्फोसाइट पेशींची मोजणी हे पहिले पाऊल होय. पुढील निदान परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत होते. दिघा गाव स्थानकातून ठाण्यामार्गे परळ लोकलने गाठता येते. संसर्ग जडण्यापूर्वी, पहिल्या काही महिन्यांतच अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तर बाळ वाचण्याची आशा पुष्कळ असते.

सोयरिकीला बाधा येईल या भीतीने अशा मृत्यूंचा विषय घरात टाळला जातो. त्यात कोणाचाही अपराध नसतो. आजीने एक जुनी गोष्ट वेळेवर सांगितली, तर नातवाचा जीव वाचू शकतो.