पोस्टर हा कार्यालयीन खर्च नव्हे

मळवलीहून सकाळच्या लोकलने पुण्याला निघते तेव्हा माझ्या पिशवीत बहुतेक वेळा कुठल्या तरी संस्थेचं प्रूफ असतं. वार्षिक अहवाल, देणगीचं पावतीपुस्तक, नाहीतर अंगणवाडीत लावायचा तक्ता. गेली चौदा वर्षं मी संस्थांचीच कामं घरून करते. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "ताई, सेवेचं काम आहे, डिझाइनचं जरा सांभाळून घ्या." कागदवाल्याला असं कुणी म्हणत नाही. प्लेट, छपाई, बायंडिंग यांचे पैसे बिनबोभाट चुकते होतात. अंदाजपत्रकात ‘छपाई’ अशी एकच ओळ असते. मांडणीचं नावही नसतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी मावळातल्या एका संस्थेसाठी ओआरएसचं पोस्टर केलं. मजकूर सोपा : एक लिटर पाण्यात एक पुडी. चित्रात मी पुडी काढली आणि शेजारी पाण्याने भरलेला पेला. छापायला देण्याआधी घरच्या प्रिंटरवर प्रत काढून ठाकरवाडीत गेले. अंगणवाडीच्या ओट्यावर एक तरुण आई मूल कडेवर घेऊन उभी होती. यात काय सांगितलंय, असं विचारलं. तिने अक्षरांकडे पाहिलंच नाही. आधी पुडीवर बोट ठेवलं, मग पेल्यावर. "ही पुडी ह्या पेल्यात टाकायची."

एका पेल्यात अख्खी पुडी म्हणजे जवळपास पाचपट घट्ट द्रावण. जुलाबाने सुकलेल्या बाळाला ते पाजलं तर रक्तातलं मीठ वाढून जिवावर बेतू शकतं. मजकूर बरोबर होता. चूक चित्रात होती, आणि ती माझी होती. पेला काढून टाकला, त्या जागी लिटरची बाटली काढली, पुन्हा वाडीत गेले. या वेळी तिघींनी बरोबर सांगितलं, मगच फाइल प्रेसला गेली. त्या दोन फेऱ्या आणि नव्याने काढलेलं चित्र यांना अंदाजपत्रकात जागा नव्हती.

अशी आणखी कितीतरी कामं असतात. संस्थेकडून श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर येतो. तो युनिकोडमध्ये आणला की कुठे रफार भलत्याच अक्षरावर सरकतो, कुठे जोडाक्षर फुटतं, आणि ओळ न् ओळ वाचावी लागते. औषधाच्या सूचनेत अशी एक चूक राहिली तर ती हजार प्रतींत जाते.

संस्थांची ओढाताण मला दिसते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. तेव्हापासून कार्यालयीन वाटणाऱ्या प्रत्येक रुपयाला कात्री लागते. पण आईने मुलाला काय पाजायचं हे सांगणारं पोस्टर कार्यालयात लागत नाही. ते आरोग्याचा कार्यक्रमच आहे, आणि त्याची मांडणी त्याच खर्चात धरली पाहिजे. देणगीदारांनीही प्रस्तावात ती ओळ नसेल तर स्वतःहून विचारावी.

इंद्रायणीपलीकडे, एकवीरा आईच्या देवळाशेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याचं नाव तिथे आहे. त्याच दर्शनी भागात, त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचंही आहे, दार त्याने घडवलं म्हणून. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दात्याइतकीच घडवणाऱ्याचीही नोंद ठेवावी असं कुणाला तरी वाटलं होतं. पाहुणे आले की मी त्यांना ती अक्षरं मुद्दाम दाखवते.

सध्या एका संस्थेचं सर्पदंशावरचं पत्रक हातात आहे. दरपत्रकात या वेळी दोन ओळी वेगळ्या लिहिल्या : ‘मांडणी’ आणि ‘वाडीत तपासणी’. खजिनदारांनी पहिली मान्य केली. दुसरीबद्दल बोलायला गुरुवारी बोलावलंय. जाताना पेल्याचं चित्र असलेली ती जुनी प्रत सोबत नेणार आहे.